'मी कोण?' हा प्रश्न नेमका कधी विचारायचा? (पासोडी, पंचीकरण आणि आपण)

अंबानगरी (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार.

'मी कोण' यावर बोलणं निघालं की ते लगेच दोनपैकी एका वाटेला लागतं. कुणीतरी 'अहं ब्रह्मास्मि' म्हणून उत्तर देऊन मोकळं होतं, नाहीतर कुणीतरी 'हे सगळं साठीनंतर बघू' म्हणतं. मला हा प्रश्न दोन्हींतून सोडवून रोजच्या कामात आणायचाय. त्यासाठी हा धागा.

मी अंबाजोगाईची. आमच्या गावात हा प्रश्न फार जुना आहे. मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधु'चा काळ परंपरेनं शके 1110, म्हणजे इ.स. 1188 धरतात. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण देह कोण, जीव कोण याचा विचार मराठीत पद्धतशीर मांडणाऱ्या अगदी सुरुवातीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. पुढं सोळाव्या शतकात इथंच दासोपंत झाले. त्यांनी पंचीकरण (पाच महाभूतांतून देह कसा बनतो याची मांडणी) लिहायला चक्क पासोडी घेतली. सुमारे 40 फूट लांब कापड आणि त्यावर ओळीखाली ओळ. ती अजून अंबाजोगाईतच जपलेली आहे. एवढ्या लांबलचक कापडावर माणसानं काय लिहावं? तर आपण ज्याला 'मी' म्हणतो त्यात काय काय भरलंय, ते.

पंचीकरणाचा तपशील परंपरेगणिक थोडा बदलतो. मराठी घरांत सर्वांत जास्त वाचला गेला तो दासबोधातला, सतराव्या दशकाच्या आठव्या समासातला. (समर्थही मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातल्या जांबचे, जन्म 1608.) पाच भूतं आणि प्रत्येकाचे पाच भाग. पृथ्वीचे हाड, मांस, त्वचा, नाडी, केस. आपाचे, म्हणजे पाण्याचे, शुक्र, रक्त, लाळ, मूत्र, घाम. तेजाचे भूक, तहान, आळस, झोप, मैथुन. वायूचे चळण, वळण, प्रसरण, निरोध, आकुंचन. इथवर आपण मान डोलवत वाचतो. मग आकाशाचे पाच येतात: काम, क्रोध, शोक, मोह, भय.

मी या ओळीशी अडकले ती अजून पुढं सरकलेली नाही. क्रोध, शोक आणि भय हे हाडं, लाळ, घाम यांच्याच यादीत आहेत, स्थूल देहाच्या यादीत! घाम आला तर आपण पदरानं पुसतो आणि कामाला लागतो. 'मी घामट माणूस, माझं असंच' म्हणून कुणी आयुष्यभर त्याची ओळख मिरवत नाही. रागाचं मात्र आपण तेच करतो. 'मी तापट आहे बाबा, मला खपत नाही' हे वाक्य प्रत्येक घरात एक माणूस अभिमानानं बोलतो. या यादीनं तो अभिमानच काढून घेतलाय.

आता दुसरी गोष्ट. रमण महर्षींना 1896 साली मदुराईत, वयाच्या सोळाव्या वर्षी, अचानक मरणाच्या भीतीनं घेरलं. ते आडवे झाले, अंग ताठ केलं, देह मेला असं धरून चालले आणि मग मेलं ते कोण, हे बघत राहिले. पुढं तिरुवण्णामलैला येणाऱ्यांना ते हेच सांगत. विचार आला की विचारा, हा कुणाला आला? मला. मग तो मी कोण? याचं उत्तर शब्दांत द्यायचं नसतं, त्या 'मी'च्या मागं मागं जायचं असतं.

माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न विचारायची खरी वेळ म्हणजे 'मी' दुखावला जातो ती. पहाटे देवघरात शांत बसून विचारलं तर 'मी' सापडतच नाही, कारण तेव्हा त्याला कुणी डिवचलेलं नसतं. अपमान झाला की तो स्वतःहून दारात येऊन उभा राहतो. तेव्हाच त्याला नीट बघता येतं.

मी शाळेत शिकवते. मध्यंतरी पालकसभेत एका पालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "या बाईंना स्वतःला तरी येतं का गणित?" कानाच्या पाळ्या तापल्या. हातातल्या खडूचा तुकडा मी इतका घट्ट धरला होता की बोटांवर भुगा झाला. त्या क्षणी मनात आलं, दुखावलं कोण? 'बाई' दुखावल्या. इतकी वर्षं गावात बाई म्हणून जी ओळख झाली, ती. आणि बाई दुखावल्यात हे जिला कळत होतं, तिच्या बोटांत काही थरथर नव्हती. राग गेला नाही, हे स्पष्ट सांगते. पण मी उत्तर दिलं ते त्यांच्या मुलाच्या अपूर्णांकांबद्दल दिलं, माझ्या बी.एड.बद्दल नाही. आणि तो मुलगा खरंच छेद समान करताना अडत होता.

तुम्ही हा प्रश्न कधी विचारता? आणि जी बघत होती, ती तरी कोण? मनापासून लिहा.

गोदाकाठ

ताई, फार चांगला विषय घेतलात.

पैठणकर म्हणून एक भर घालतो. शंकराचार्यांनी एका मुलाला 'बाळा, तू कोण?' असं विचारलं आणि तो जन्मापासून न बोललेला मुलगा उत्तर देऊ लागला, अशी कथा आहे. ते उत्तर म्हणजे हस्तामलक स्तोत्र. मी माणूस नाही, देव नाही, ब्राह्मण-क्षत्रिय-वैश्य-शूद्र नाही, ब्रह्मचारी-गृहस्थ-संन्यासी नाही, असं एकेक बाजूला सारत ते जातं. नाथमहाराजांनी (1533 ते 1599) या छोट्याशा स्तोत्रावर मराठीत टीका लिहिली. भागवत आणि भावार्थ रामायणापुढं तिच्याकडं कुणाचं फारसं लक्ष जात नाही, पण तुमच्या प्रश्नाला तीच सर्वांत जवळची आहे.

आणि ज्यांनी हे लिहिलं त्यांच्याबद्दल आमच्या गावात काय सांगतात? तर गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं महाराचं लेकरू त्यांनी कडेवर उचलून घेतलं. 'मी ब्राह्मण नाही' हे वाक्य टीकेत लिहिणं आणि भर उन्हात, लोकांच्या देखत ते करून दाखवणं, या दोन्हींत खूप अंतर आहे. त्यांनी ते ओलांडलं. मला आत्मविचाराची पारख तिथंच वाटते.

कोरडवाहू

ताई, राग मानू नका, पण मनात आलं ते लिहितो. मी गेवराईकडचा. कापूस आणि सोयाबीन. यंदा सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं, सोसायटीचं कर्ज थकलंय, पोरीची फी भरायचीय. मला 'मी कोण' हे चांगलंच ठाऊक आहे. सात-बाऱ्यावर नाव आहे, सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत नाव आहे. आमच्याकडं माणसं फास घ्यायलेत आणि त्यांना जाऊन 'तू देह नाहीस' म्हणायचं का? हा प्रश्न पोट भरलेल्या माणसाचा आहे असं मला वाटतं. चुकत असेल तर समजावून सांगा.

गंगाखेडची

कोरडवाहू दादा, तुमचं दुखणं खरं आहे आणि भावाचं उत्तर अध्यात्मात नाही, ते बाजारात आणि सरकारातच मागायला पाहिजे. 'तू देह नाहीस' असं अडचणीतल्या माणसाला सांगणारा निर्दय असतो, मग तो कितीही ग्रंथ वाचलेला असो.

पण हा प्रश्न पोट भरलेल्यांचाच, हे मला पटत नाही. जनाबाई माझ्या गावच्या. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिल्या. दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणं, पाणी भरणं. घर, जमीन, नवरा, मूल, यातलं काही त्यांच्या नावावर नव्हतं. ज्या बाईला जगानं 'तू कुणाची तरी दासी' एवढीच ओळख दिली, तिनं ती ओळख घेऊन अभंगाच्या शेवटी आपली सही म्हणून वापरली. आणि त्या सहीच्या वर जे लिहिलं ते राजालाही लिहिता आलं नसतं. तिला हा प्रश्न फावल्या वेळात पडला नव्हता, जात्यापाशी पडला होता. ज्याच्याकडं मिरवायला काही नाही त्याला 'मग मी कोण' हे जास्त नडतं, असं मला वाटतं.

नागसेनवनी

धागा वाचतोय. थोडं सविस्तर लिहितो, कारण मला अंबानगरी ताईंशी बरंचसं सहमत व्हायचंय आणि शेवटी असहमत व्हायचंय.

मी मिलिंद महाविद्यालयात शिकलो. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादेत हे महाविद्यालय सुरू केलं. परिसराला नाव नागसेनवन आणि महाविद्यालयाला मिलिंद. ही दोन नावं एका संवादातून आलेली आहेत, आणि तो संवाद नेमका 'तू कोण' या प्रश्नापासून सुरू होतो. पाली 'मिलिंदपञ्ह'. मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला, राजधानी सागल.

राजा भिक्खूला नाव विचारतो. उत्तर येतं, 'मला नागसेन म्हणतात, पण हे नुसतं व्यवहारापुरतं नाव आहे, त्याच्या आत कुणी व्यक्ती सापडत नाही.' राजा चपापतो. म्हणतो, मग चीवर (भिक्खूचं वस्त्र) घेतं कोण, शील पाळतं कोण? आणि यादी सुरू करतो. केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? त्वचा, मांस, हाडं? रक्त, घाम, लाळ? प्रत्येकाला 'नाही'. मग माणूस ज्यांचा बनतो ते पाच स्कंध, म्हणजे घटक: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान (म्हणजे जाणीव)? 'नाही.' हे सगळं मिळून? 'नाही.' याच्याबाहेर काही? 'तेही नाही.'

ताई, तुमच्या पंचीकरणाची यादी आणि ही यादी शेजारी ठेवून बघा. हाड, मांस, लाळ, घाम. जवळजवळ तेच शब्द.

मग नागसेन उलटा प्रश्न करतात, महाराज, आपण पायी आलात का रथातून? रथातून. मग दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? लगाम? हे सगळं सुटं पडलेलं असलं तर तो रथ का? राजाला प्रत्येक वेळी 'नाही' म्हणावं लागतं आणि शेवटी तो स्वतःच सांगतो की या सगळ्यांच्या आधारानं 'रथ' हे नाव वापरात येतं. नागसेन म्हणतात, तसंच माझं.

म्हणजे वेदान्त यादी करतो आणि म्हणतो, हे सगळं बाजूला केल्यावर उरतो तो तू, साक्षी, म्हणजे नुसतं बघणारा. बुद्धाचा मार्ग तीच यादी करतो आणि उरलेला कुणी दाखवा म्हणतो. तुम्ही लिहिलंत, 'बाई दुखावल्यात हे जिला कळत होतं ती'. कळणं झालं हे मी मान्य करतो. पण त्या कळण्याच्या मागं कुणी 'ती' उभी होती, हे कशावरून? कळणं हा सुद्धा त्या क्षणी उपजलेला आणि मावळलेला भाग असू शकतो. विज्ञान हा पाचवा स्कंध आहे, तो यादीच्या आत आहे, बाहेर नाही.

हा फरक माझ्या समाजाला पुस्तकी वाटला नाही याचं कारण सांगतो. आत जन्मजात, न बदलणारं काही आहे, असं सांगूनच आमच्या आज्या-पणज्यांना 'तुझं हे प्राक्तन' म्हणून गप्प केलं गेलं. जे घटकांचं बनलंय ते बदलता येतं. आमच्यासाठी अनात्म, म्हणजे आत कायमचा कुणी आत्मा नाही हा विचार, सुटकेचा आहे. गोदाकाठ यांनी नाथांचं लिहिलं त्याचा आदर आहे. पण ते लेकरू कडेवर घ्यायला संतच लागावा, ही जी स्थिती होती, ती मोडायला वेगळा विचार लागला.

बालाघाटी

नागसेनवनी सर, हा प्रतिसाद जपून ठेवला. मिलिंद आणि नागसेनवन ही नावं आयुष्यभर बसच्या पाटीवर वाचली, पण त्यामागं हा प्रश्न आहे हे माहीत नव्हतं.

रुमालवाला

मी तहसीलच्या अभिलेख कक्षात काम करतो. 2023 पासून निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायचं जे काम आमच्या भागात चाललंय, त्यात मी आहे. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे सोडायचे, धूळ झाडायची, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांपुढं एकेक पान ठेवायचं. बाहेर माणसं सकाळपासून बसलेली असतात. पणजोबाच्या नावापुढं कोणता शब्द लिहिलाय त्यावर नातवाचा प्रवेश ठरणार असतो. एक म्हातारबाबा रोज येऊन विचारायचे, "सापडलो का मी?"

हे वाचून कुणी त्यांना 'खरा तू कागदात नाहीस' असं सांगायला जाऊ नये. कागदातला 'मी' सापडणं त्यांच्या नातवासाठी जरुरीचं आहे आणि त्यासाठी आम्ही जीव तोडून काम करतो. पण रात्री घरी गेल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यात घुमतं. एका माणसाचं असणं किती ठिकाणी वाटलेलं असतं, कागदावर, भावकीत, सोयऱ्यांत, शेताच्या बांधावर. यातलं एकही खोटं म्हणवत नाही आणि एकही पुरतं पडत नाही.

अंबानगरी

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

नागसेनवनी सर, तुमच्या प्रश्नानं मला खरोखर खाली बसवलं. 'ती' म्हणताना मी कळण्याला एक माणूस चिकटवला, हे बरोबर आहे. वेदान्तीही म्हणेल की साक्षी म्हणजे आत बसलेली आणखी एक बाई नव्हे. साक्षी दिसला असं कुणी म्हणालं तर तोही दृश्यच झाला, पुन्हा यादीत जाऊन पडला. म्हणजे यादीच्या शेवटच्या ओळीपर्यंत आपण बरोबर आहोत, पुढच्या पावलाला वाटा फुटतात. मी साक्षीच्या बाजूची आहे. पण प्राक्तनाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला मी काही उत्तर देणार नाही, ते ऐकून घ्यायचं असतं. 'आत्मा सगळ्यांत एक' म्हणणाऱ्या गावांनी पाणवठे वेगळे ठेवले, हे सत्य आहे. ज्या विचारानं माणसाचा माणसाशी व्यवहार बदलत नाही, तो आत्मविचार झालेलाच नाही, एवढं मी माझ्या बाजूनं ठामपणे म्हणते.

कोरडवाहू दादा, तुम्ही विषय सोडून जाऊ नका. तुमच्याशिवाय हा धागा अर्धवट राहील.

तेरणाकाठ

लिहू का नको असं बराच वेळ चाललं होतं.

मी किल्लारीच्या बाजूच्या गावचा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, माणसं थकून गाढ झोपलेली. आमच्याकडची घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर माळवद. ती झोपेतच अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी लहान होतो, आजोळी होतो म्हणून राहिलो.

माझे थोरले चुलते वाचले. आई, बायको, दोन्ही लेकरं गेली. पुढं सरकारी याद्या झाल्या. त्यात एक रकाना असायचा, 'मयताशी नाते'. मुलगा, पती, वडील, वडील. तात्यांच्या नावापुढं एकाखाली एक असे चार शब्द लिहिले गेले आणि चारही त्याच पहाटे संपले होते. ते नंतर कितीतरी दिवस एकच वाक्य बोलायचे, "मी आता कोणाचा कोण राहिलो?" दुःखानं म्हणायचे, अध्यात्म म्हणून नाही. कुणीतरी भेटायला येऊन 'आत्मा अमर असतो' म्हणालं तर तात्या उठून निघून जायचे.

पुनर्वसनाच्या नव्या गावात सरळ रस्ते, सारखी घरं. तिथं त्यांना घर मिळालं. मी मोठा झाल्यावर त्यांच्याजवळ राहायला लागलो. एकदा विचारलं, तात्या, तुम्ही तगलात कसे? ते म्हणाले, "तगलो बिगलो काही नाही. बापपण गेलं, धनीपण गेलं, लेकपण गेलं. मला वाटलं, आता आपण बी जाऊ. पण सकाळी जाग यायचीच. मग पडल्या पडल्या बघत बसायचो, ही जाग यायली कुणाला."

तात्या शाळेत फार गेले नव्हते. रमण महर्षींचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. पुढं ते गावातल्या अनाथ झालेल्या दोन पोरांच्या शाळेचं सगळं बघायचे. कुणी विचारलं, 'ही तुमची कोण?' तर म्हणायचे, 'असू द्या की.'

ताईंनी विचारलं की हा प्रश्न कधी विचारायचा. काही जणांना तो विचारावा लागत नाही. सगळं काढून घेतलं की तेवढाच उरतो.

गंगाखेडची

तेरणाकाठ दादा, लिहिलंत, फार बरं केलंत. 'असू द्या की' वाचून डोळे भरून आले.

मनोवैद्य

मी लातूरला मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो. तात्यांबद्दल वाचल्यावर लिहिणं भाग आहे, कारण हा धागा कुणी वेगळ्या मनःस्थितीतही वाचत असेल.

'मी म्हणजे हा देह नाही' हा शोध आणि 'मी खरा नाहीच, हात माझे वाटत नाहीत, सगळं काचेपलीकडं दिसतंय' ही अवस्था बाहेरून सारखी वाटू शकते, पण दुसरी आजाराची असू शकते. तीव्र ताण, मोठा धक्का, पॅनिक, नैराश्य किंवा गांजासारखं व्यसन, यातून अशी अलिप्तता येते. ती आपण बोलावलेली नसते, नको म्हटलं तरी जात नाही आणि तिची भीती वाटते. नैराश्य फार खोल गेलं तर 'मी मेलेलोच आहे', 'माझे आतले अवयव नाहीत' असंही क्वचित रुग्ण खात्रीनं सांगतात. अशांना ग्रंथ वाचायला देणं म्हणजे उपचार लांबवणं आहे.

मी माझ्यापुरती खूण अशी धरतो. आत्मविचार करणारा माणूस कामाला, जेवणाला, झोपेला आणि माणसांना अधिक नीट भेटतो. अंबानगरी ताईंनी अपूर्णांकाचं उत्तर दिलं, तात्यांनी पोरांची शाळा बघितली. आजारात मात्र झोप उडते, भूक जाते, काम सुटतं, माणसं नकोशी होतात. दुसऱ्या बाजूचं काही जाणवत असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाला दाखवा, किंवा टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक लावा. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. कोरडवाहू दादांनी फास घेणाऱ्यांबद्दल लिहिलंय. मनात तसा विचार एकदा जरी आला तरी हा क्रमांक लावायला कमीपणा मानू नका.

गोदाकाठ

डॉक्टरसाहेब, हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं. धन्यवाद.

लक्ष देण्यावरून एक आठवलं. नाथमहाराज तरुणपणी देवगिरीला जनार्दनस्वामींकडं होते. स्वामी किल्ल्याचा कारभार बघत, हिशेब नाथांकडं. एका पैचा मेळ लागेना म्हणून नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले आणि चूक सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली, अशी कथा आहे. स्वामी म्हणाले, पैच्या चुकीला एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! मला या कथेत आवडतं ते असं की रात्र हिशेबावर गेली म्हणून स्वामी रागावले नाहीत. ज्याला एक पै सुटू द्यायची नाही असं वाटतं, त्याच्याच हाती हे काम द्यावं, असं त्यांनी ओळखलं असणार.

कोरडवाहू

गंगाखेडच्या ताई, तात्यांचे पुतणे आणि डॉक्टरसाहेब, तुम्हा सगळ्यांचं वाचलं. दोन-तीनदा वाचलं.

आमच्याकडं शेतीची लाइट रात्रीची असते. पाळीच्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर मोटार चालू करायला विहिरीवर जावं लागतं. हातात बॅटरी, पायात बूट, तरी भ्या वाटतंच. परवा दांडाजवळ सळसळ झाली आणि मी जागच्या जागी थिजलो. छाती धाडधाड करायली. तेवढ्यात ताईंची ती ओळ आठवली, काम क्रोध शोक मोह भय, घामाच्या यादीत. म्हणलं, भ्यालं कोण? अंगाला घाम आलता, छाती उडायली, पाय गार पडलते. हे सगळं बॅटरीच्या उजेडात दांड दिसावा तसं दिसायलं होतं. धामण होती, गेली निघून. मग मी मोटार चालू केली, बारं दिलं, परत आलो.

कर्ज तेवढंच आहे. पण एक गोष्ट झाली. सोसायटीचे लोक आले की मी तोंड लपवायचो. या वेळी बसून बोललो, पुनर्गठनाचा अर्ज मागितला. थकबाकीदार हा मी आहे असं वाटायचं. ती माझ्या नावावरची थकबाकी आहे, एवढं आता कळायलं. याला आत्मविचार म्हणायचं का ते तुम्ही जाणकारांनी सांगा.

अंबानगरी

दादा, माझ्या समजुतीप्रमाणं यालाच म्हणायचं. मी पालकसभेतलं लिहिलं त्याच्यापेक्षा हे कितीतरी अवघड ठिकाण आहे. अर्जाचं काय झालं ते जरूर कळवा. आमच्या नात्यातले एक जण सोसायटीच्या कामातले जाणकार आहेत, कागदपत्रांत काही अडलं तर सांगा, विचारून देते.

नागसेनवनी सर, तुमच्यासाठी एक मुद्दा राहिला होता. गाढ झोपेचा. झोपेत 'बाई' नसतात, थकबाकीदार नसतो, यादीतली एकही गोष्ट 'माझी' म्हणून हजर नसते. तरी उठल्यावर आपण म्हणतो, 'छान झोप लागली, काही कळलं नाही.' काही कळलं नाही हे सांगायला तरी कुणी तिथं असलं पाहिजे, असा वेदान्ताचा जुना युक्तिवाद आहे. तात्यांची 'जाग यायली कुणाला' हीसुद्धा त्याच उंबऱ्यावरची गोष्ट. यावर नागसेनांकडं काय उत्तर आहे?

नागसेनवनी

उत्तर आहे, आणि ते त्याच ग्रंथात आहे. राजा विचारतो, जो जन्माला आला तोच मोठा झाला, का दुसरा? नागसेन म्हणतात, तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर जळणारा दिवा घ्या. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग रात्री वेगवेगळे दिवे होते का? तेही नाही. एकाच्या आधारानं दुसरी, अशी ती चालत राहिली. सकाळी 'छान झोप लागली' म्हणणारं जे चित्त आहे, ते रात्रीच्या चित्ताच्या आधारानं उपजलेलं आहे. आठवण लागायला सलगपणा पुरतो, मधे कुणी पहारेकरी बसवायची गरज नाही.

तात्यांच्या वाक्याबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. त्यांनी 'कुणाला' विचारलं आणि तिथं कुणी बसवला नाही, बघत राहिले. ते माझ्या बाजूचे का तुमच्या, हे मला ठरवता येत नाही.

अंबानगरी

मलाही नाही. दिव्याचं उत्तर मला अजून पटलेलं नाही, पण खोडताही येत नाहीये. एक प्रहर संपून दुसरा लागला हे ज्योतीला कळत नाही, आपल्याला कळतं, इथं माझं घोडं अडतं. यावर बोलूच. तुम्ही मिलिंदपञ्हातला तो भाग मराठीतून इथं थोडक्यात मांडाल का? मी दासबोधाच्या तेराव्या दशकाचा पहिला समास, आत्मानात्मविवेक, घेते. दोन्ही समोर ठेवून ओळीनं जाऊ. कोरडवाहू दादा, पाळीचा आठवडा संपला की तुम्हीही या.

कोरडवाहू

येतो ताई. मंगळवारपासून दिवसाची लाइट आहे.